घरचे अर्थकारण : गृहकर्जाची फाईल

दिवाळी सरली की घरखरेदीची बोलणी पुन्हा सुरू होतात आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. या वेळच्या पत्रांपैकी एका वाचक भगिनींचे पत्र आजच्या लेखाचे निमित्त आहे. तीन भावांचे एकत्र कुटुंब, बाजारपेठेत भुसार मालाचे जुने दुकान, थोरल्या मुलाचे लग्न ठरलेले. घर अपुरे पडते म्हणून मुलाच्या नावे ६० लाखांचा फ्लॅट घ्यावयाचे ठरले. दुकानाची उलाढाल उत्तम आणि गावात पत अशी की व्यापारी तोंडी शब्दावर ट्रक रिकामा करून जातात. परंतु बँकेने २२ लाखांच्या वर कर्ज देता येणार नाही असे कळविले. "इतक्या वर्षांच्या पेढीवर बँकेचा विश्वास नाही काय?" असे त्या विचारतात. त्यांच्या प्रश्नात दुखावलेपणा आहे आणि तो समजण्यासारखा आहे. तथापि बँकेने पेढीवर अविश्वास दाखविला नसून समोर आलेला कागद वाचला आहे, इतकेच.

तो कसा वाचला, ते पाहू. मुलाच्या आयकर विवरणपत्रातील वार्षिक उत्पन्न ४ लाख ८० हजार, म्हणजे महिना ४० हजार. नोकरदाराची वेतनपावती असते. व्यापाऱ्याचे विवरणपत्र हीच त्याची वेतनपावती. या उत्पन्नाचा साधारण निम्मा भाग कर्जाच्या हप्त्याकडे जाऊ शकतो असे बँक धरते, म्हणजे २० हजार. व्याज ९ टक्के आणि मुदत २० वर्षे धरल्यास एका लाखाला मासिक हप्ता सुमारे ९०० रुपये पडतो. २० हजारांच्या हप्त्यात म्हणून २२ लाखांच्या आसपासच कर्ज बसते. गल्ल्यात रोज किती रक्कम जमते, गोदामात किती पोती आहेत, येणी किती आहेत, यांपैकी काहीच या गणितात येत नाही. जे उत्पन्न विवरणपत्रात दाखविले नाही ते बँकेच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. कर वाचविल्याचे समाधान वर्षानुवर्षे मिळालेले असते. त्याची किंमत घर घेण्याच्या दिवशी एकदम मोजावी लागते.

यावर काही सल्लागार एक सोपा मार्ग सुचवितात. या वर्षीचे उत्पन्न फुगवून दाखवा, थोडा कर भरा आणि अर्ज करा. हा मार्ग चुकीचा आहे आणि बहुधा निरुपयोगीही आहे. बँका दोन किंवा तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात आणि ती केव्हा भरली याची तारीखही पाहतात. दोन वर्षे ३ लाख आणि तिसऱ्या वर्षी एकाएकी ११ लाख, किंवा दोन वर्षांची विवरणपत्रे एकाच महिन्यात भरलेली, असे दिसले की अधिकारी लेखणी खाली ठेवतो. शिवाय आता तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले जातात : विवरणपत्रातील उलाढाल, जीएसटीच्या ३बी विवरणातील उलाढाल आणि चालू खात्यात वर्षभरात झालेला भरणा. हे आकडे तंतोतंत जुळत नसतातच. उधारी, परतावा, कर यांमुळे फरक राहतो. परंतु तो फरक सनदी लेखापालांना एका परिच्छेदात समजावून सांगता आला पाहिजे. तेव्हा खरे उत्पन्न खऱ्या आकड्याने दाखविण्यास आज आरंभ करावा आणि घराचा विचार दोन वर्षांनी करावा, हेच उत्तर मला प्रामाणिकपणे देता येते. लग्नाची तारीख जवळ आलेल्या घरास ते रुचणार नाही, हे मी जाणतो.

अंदाजित उत्पन्न योजनेखाली विवरणपत्र भरणाऱ्या लहान दुकानदारांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. रोखीच्या उलाढालीवर ८ टक्के आणि बँकेमार्गे झालेल्या उलाढालीवर ६ टक्के हा कायद्याने ठरविलेला किमान नफा आहे. प्रत्यक्ष नफा अधिक असेल तर अधिक दाखविण्यास कोणतीही आडकाठी नाही. किंबहुना कायद्याची तीच अपेक्षा आहे. या योजनेत हिशेबाच्या वह्या ठेवण्याची सक्ती नसल्यामुळे पुष्कळांकडे ताळेबंदच नसतो आणि बँक नेमका तोच मागते. ज्यांच्याकडे ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक आहे त्यांच्या बाबतीत बँक नफ्यात घसारा मिळविते. भागीदारांच्या बाबतीत पेढीकडून मिळालेले भांडवलावरील व्याज आणि मोबदलाही मोजते. म्हणून केवळ विवरणपत्राची पोचपावती देऊन थांबू नये. उत्पन्नाच्या गणनेचे पत्रक, ताळेबंद आणि त्याची परिशिष्टे सोबत जोडावीत.

आता या कुटुंबाच्या खऱ्या अडचणीकडे येतो. मुलगा दहा वर्षे गल्ल्यावर बसतो, खरेदीला जातो, वसुली करतो, पण कागदावर तो कोठेच नाही. तो भागीदार नाही आणि पगारी नोकरही नाही. त्याच्या नावाचे विवरणपत्र भरले जाते ते कमिशन किंवा किरकोळ व्यवसायाच्या उत्पन्नाचे. आपल्या शेकडो घरांत हीच स्थिती आहे. "सगळे एकच तर आहे" ही भावना घरात शोभते, बँकेत मात्र "अर्जदाराचे उत्पन्न कोणते?" असा प्रश्न येतो आणि तेथे "आमचे" हे उत्तर चालत नाही. मुलगा कामाला लागला की त्याला भागीदारीपत्रात रीतसर घ्यावे, अथवा त्याच्या कामाला साजेसा पगार दरमहा त्याच्या बँक खात्यात जमा करावा. सुनेने शिकवणी, शिवणकाम किंवा घरगुती खाद्यपदार्थांचा व्यवसाय चालविला असेल तर तिचेही वेगळे खाते आणि वेगळे विवरणपत्र असावे. सहकर्जदार म्हणून तिचे उत्पन्न मोजले जाते. घराचे जे जे सहमालक असतील त्या सर्वांना बँक सहकर्जदार करून घेते, परंतु सहकर्जदार होण्यासाठी मालक असलेच पाहिजे असे नाही. हा भेद उपयोगी पडतो. महाराष्ट्रात निवासी घराची खरेदी केवळ महिलेच्या नावे झाल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. अशा वेळी घर पत्नीच्या नावे आणि पती केवळ सहकर्जदार, अशी रचना करता येते. मात्र जो मालक नाही त्याला गृहकर्जाच्या व्याजाची आयकर वजावट मिळत नाही. दोन्हींचा हिशेब मांडून मगच ठरवावे.

स्वतःच्या हिश्शाच्या रकमेविषयी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरील कर्जात ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. ६० लाखांच्या घरास उत्पन्न कितीही असले तरी ४८ लाखांहून अधिक मिळणार नाही. उरलेले १२ लाख आपले. त्यावर मुद्रांक शुल्क, जे ठिकाणानुसार साधारण ५ ते ७ टक्के पडते, आणि नोंदणी फी, जी १ टक्का असली तरी ३० हजारांच्या वर जात नाही. हा खर्च बँक सामान्यतः घराच्या किमतीत धरत नाही. म्हणजे हाती १६ लाख तरी हवेत, आणि ते कोठून आले हे खात्यावरून दिसले पाहिजे. मामांनी ५ लाख दिले असतील तर ती भेट की हातउसने, हे आधी ठरवावे. भेट असेल तर साधे भेटपत्र, उसने असतील तर त्यांचे पुष्टिपत्र, आणि दोन्ही बाबतींत रक्कम खात्यातून खात्यात. नात्यात कागद करणे अवघड वाटते; परंतु पुढे मामांच्या मुलांना प्रश्न पडू नये म्हणूनही तो कागद असलेला बरा.

आणि रोकड. घराच्या व्यवहारात विकणारा "इतके चेकने, इतके वरचे" अशी मागणी करतो. त्यात पाप-पुण्याची चर्चा मी करत नाही, केवळ हिशेब सांगतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि घेणाऱ्यास घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो. घेणाऱ्याचे राहो, देणाऱ्याचे काय होते ते पाहा. ६० लाखांपैकी १५ लाख रोख दिले की दस्त ४५ लाखांचा होतो. बँक कर्ज मोजते ते ४५ लाखांवर. व्यवहार मोडला तर १५ लाखांचा पुरावा नाही. आणि पुढे घर विकताना खरेदीची किंमत ४५ लाखच धरली जाते, म्हणजे विकणाऱ्याचा कर आपण आपल्या अंगावर घेतो. करारातील किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर विकणाऱ्याला रक्कम देताना खरेदीदाराने १ टक्का कर कापून सरकारजमा करावयाचा असतो. त्याचे प्रमाणपत्र फाईलमध्ये हवे, आणि हे काम खरेदीदाराचे आहे, दलालाचे नव्हे.

नावांचा घोळ हा आपल्या समाजाचा खास विषय आहे. शाळेत "जैन" आडनाव लावलेले, आधारवर गोत्र, पॅनवर वडिलांनी लावलेले तिसरेच. कोठारी, लुणावत, चोरडिया, बाफना अशा घरांतून हे सर्रास आढळते. दक्षिण महाराष्ट्रात पाटील-चौगुले घरांतही "जैन" हा शब्द कधी नावामागे तर कधी जातीच्या रकान्यात असतो. इंग्रजीत शहा या आडनावाची दोन-तीन स्पेलिंगे एकाच घरात सापडतात. विवाहानंतर स्त्रियांचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही बदलतात. पॅन मात्र माहेरचेच राहते. बँक किरकोळ फरकासाठी "दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असे प्रतिज्ञापत्र स्वीकारते. पण आडनावच वेगळे असेल तर पॅन आणि आधार आधी एकसारखे करून घ्यावेत, आणि गरज पडल्यास नाव बदलल्याची नोंद राज्य शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करावी. हे काम साठेखत होण्यापूर्वीचे. दस्तात चुकीचे नाव नोंदले गेले की चूकदुरुस्तीचा दस्त करण्यासाठी विकणाऱ्याला पुन्हा दुय्यम निबंधकांपुढे उभे करावे लागते, आणि पैसे मिळालेला विक्रेता लवकर येत नाही.

व्यवसायाचे पुरावे तुलनेने सोपे आहेत. जीएसटी नोंदणी, उद्यम नोंदणी, दुकानाचा गुमास्ता, भागीदारीपत्र, चालू खात्याचे वर्षभराचे उतारे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानास २०१७ च्या कायद्यानंतर पूर्वीसारखे नोंदणी प्रमाणपत्र न मिळता सूचना दिल्याची पावती मिळते. काही अधिकाऱ्यांना ती अपुरी वाटते, त्यांना शांतपणे समजावून सांगावे.

पत-अहवाल मात्र सोपा नाही. देशात चार पतमाहिती संस्था आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. अर्जापूर्वी तीन-चार महिने तो मागवावा. गुण ३०० ते ९०० यांमध्ये असतात, पण गुणांपेक्षा तपशील वाचावा. कोणे एके काळी तडजोडीने मिटविलेले क्रेडिट कार्ड, फेडून झालेले पण "चालू" दिसणारे वाहनकर्ज, आणि व्यापाऱ्यांच्या बाबतीत हमखास आढळणारी जामीनकी. मित्राच्या पेढीला आपण "नुसती सही" दिलेली असते. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ती सही आपल्या अहवालात दिसते आणि मित्राचा हप्ता थकला की आपले गुण घसरतात. अहवालात चूक असेल तर तक्रार नोंदवावी. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. याच्या उलट, अनेक पतसंस्थांतील आपली नियमित परतफेड या अहवालात येतच नाही. तेथील खातेउतारा आणि कर्ज फिटल्याचा दाखला जपून ठेवावा. आणि दुकानाच्या सीसीसाठी वडिलांचे राहते घर तारण दिलेले असेल तर ते अर्जात स्वतःहून लिहावे. लपवून लपत नाही, कारण तारणांची केंद्रीय नोंदवही २०११ पासून अस्तित्वात आहे. त्याच नोंदवहीत अल्प शुल्क भरून आपणही पाहू शकतो की, आपण घेत असलेला फ्लॅट विकणाऱ्याने आधीच कोठे गहाण ठेवला आहे काय.

मालमत्तेचे कागद हे निम्मे काम आहे. नवीन इमारत असेल तर महारेरा क्रमांक, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिनशेती आदेश. आणि इमारत पूर्ण असेल तर भोगवटा प्रमाणपत्र. साठेखत नोंदण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही, हे "आज बुकिंग करा, उद्या भाव वाढणार" असे ऐकताना लक्षात ठेवावे. "आमचा प्रकल्प अमुक बँकेने मंजूर केला आहे" हे वाक्य ऐकून निश्चिंत होऊ नये. बँक आपल्या कर्जापुरते पाहते. आपले पैसे घरात आयुष्यभरासाठी गुंततात. जुन्या घरासाठी सोसायटीचे भागप्रमाणपत्र, ना-हरकत पत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, मालमत्ता कराच्या पावत्या, आणि पहिल्या खरेदीपासून आजपर्यंतच्या दस्तांची अखंड साखळी सूची क्रमांक २ सह. वीजबिल विकणाऱ्याच्या नावे आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. बँकेचा वकील सामान्यतः ३० वर्षांचा शोध घेतो. त्याच्या अहवालाची प्रत मागून घ्यावी, फी तर आपणच भरलेली असते.

या साखळीत एक दुवा असा आहे की त्यावर थोडे थांबले पाहिजे. विकणाऱ्याला घर वडिलांकडून आलेले असेल तर सर्व वारसांची नावे लागतात, त्यांत बहिणीही आल्या. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच मुलांइतका हक्क मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची आवश्यकता नाही. म्हणून बँकेचा वकील बहिणींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागतो. आणि मग जे घडते ते मी अनेकदा पाहिले आहे. वीस वर्षांत ज्या बहिणीला हिश्श्याविषयी कोणी एक शब्द विचारला नाही तिला फोन जातो, "बँकेचा एक कागद आहे, उद्या सही करून जा." ती येते, सही करते, साडी घेऊन परत जाते. आपले घर गहाण ठेवून किंवा विकून नवे घर घेणाऱ्या आपल्या कुटुंबांतही हेच होते. तो "बँकेचा एक कागद" नसून तिचा हक्क संपविणारा दस्त आहे. त्याचा मसुदा तिला आठ दिवस आधी द्यावा, तिच्या घरी वाचू द्यावा, मोबदला द्यावयाचा असेल तर दस्तात लिहावा. तिने नको म्हटले तर ते तिचे औदार्य. ते न विचारता गृहीत धरू नये.

कर्ज मंजूर झाल्यावर सह्यांचा गठ्ठा समोर येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेने कर्जदाराला त्याला समजणाऱ्या भाषेत मुख्य अटींचे पत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्क धरून प्रत्यक्ष वार्षिक खर्चाचा दर लिहिलेला असतो. मराठीत मागावे. कर्जासोबत विमा घेतलाच पाहिजे असा कायदा नाही. घरातील कर्त्यासाठी साधा मुदत विमा बहुधा स्वस्त पडतो. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडण्यास व्यक्तींना दंड नाही, त्यामुळे हंगाम चांगला गेला की मुद्दल कमी करीत जावे. कोरा अर्ज, कोरे प्रतिज्ञापत्र यांवर कोणीही कितीही घाई केली तरी सही देऊ नये.

मूळ दस्त बँकेत ठेवणे हेच या कर्जातील गहाण. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दस्त ठेवून गहाण करण्याची ही रीत सांगितलेली आहे, आणि महाराष्ट्रात तिची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकांकडे नोंदवावी लागते. दस्त देताना प्रत्येक कागदाचे नाव, क्रमांक आणि पाने लिहिलेली यादी करून बँकेची सही-शिक्क्याची पोच घ्यावी. सर्व कागदांच्या प्रती घरी एका फाईलमध्ये ठेवाव्यात आणि ती फाईल कोठे आहे हे घरातील स्त्रियांना माहीत असावे. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ दस्त परत करण्याचे आणि तारणाची नोंद काढून टाकण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून घातले आहे. बँकेच्या दोषाने उशीर झाल्यास दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई कर्जदाराला मिळते. कर्जदार हयात नसल्यास वारसांना दस्त कसे मिळतील याची पद्धतही बँकेने जाहीर करावयाची आहे. त्या दिवशी पोचेची ती यादी हाती असली म्हणजे कोणते पान परत आले नाही हे काउंटरवरच कळते.